माळवाडीची निळी रेघ

कर्जतच्या स्टँडमागे, पिठाच्या गिरणीच्या माडीवर नृसिंह पुराणिकांचं इंटरनेटचं दुकान आहे. आजोबा पंचांग सांगायचे, वडील तहसीलमध्ये कारकून होते आणि नृसिंहराव आसपासच्या वाड्यावस्त्यांना नेट पुरवतात. धंदे बदलले, पण लोकांना ठाऊक नसलेलं आपल्याला ठाऊक आहे, हा चेहरा घराण्यात टिकून राहिला.

मध्यंतरी संध्याकाळचं नेट रांगायला लागलं आणि गिऱ्हाइकांनी त्यांना फोनवर सळो की पळो करून सोडलं. कोण एवढी लाइन खातंय, हे शोधायला त्यांनी राउटरमधून फ्लोच्या नोंदी काढायला सुरुवात केली. राउटरच्या एकेका इंटरफेसला, म्हणजे एकेका तोंडाला, एकेक वस्ती जोडलेली. कुठल्या तोंडातून किती डेटा गेला, कोणत्या घरानं किती ओढला, एवढं त्या नोंदींत कळतं. पडद्यावर प्रत्येक वस्तीची रंगीत रेघ. थोरवे वस्तीची लाल, माळवाडीची निळी. दुखणं लाल रेघेत सापडलं, तेही मार्गी लागलं. रेघा बघायची खोड मात्र लागली ती लागलीच.

एका संध्याकाळी थोरवे वस्तीवरच्या भिमाजीच्या घरचा डेटा एकदम आटला. एरवी तिथं दिवेलागणीपासून मालिकांचा पूर वाहतो. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर नृसिंहरावांनी सहज खडा टाकला, "काय भिमाजी, काल वहिनी रुसल्या वाटतं?" वहिनी खरोखरच रुसून माहेरी गेल्या होत्या. भिमाजीच्या हातातला कप तसाच राहिला. पुराणिकांना घरात बसून सगळं ऐकू येतं, ही बातमी त्याच दिवशी सगळ्या तालुक्यात पोहोचली. लोक विचारायला लागले की नृसिंहराव नुसते मंद हसायचे. खोटं एक अक्षर बोलले नाहीत, पण खरंही सांगितलं नाही.

मग निळ्या रेघेचा दुपारचा उंचवटा नाहीसा झाला. तो उंचवटा म्हणजे रतनबाईंचा व्हिडिओ कॉल. माळवाडीत मोबाईलला रेंज नाही. म्हातारीनं नेट घेतलं तेच देवळाली प्रवऱ्याला दिलेल्या लेकीशी, निकिताशी बोलायला. गिऱ्हाईक फुटलं की काय, या धास्तीनं नृसिंहरावांनी गाडी काढली.

घरी गेले तर भिंतीवर नेटची पेटीच नाही.

"कोटीत ठिवलीया, ज्वारीत," रतनबाई शांतपणे म्हणाल्या. "निकिताला सातवा म्हैना हाय. सासू लई बोलती तिला. ती आपली मला सांगून मोकळी व्हायची. ते तुमी कशाला ऐकायचं, भाऊ?"

"अहो मावशी, मला काही ऐकू येत नाही."

"मग भिमाजीची बायकू रुसल्याली कसं कळलं?"

"अंदाजानं."

"लई बराबर अंदाज हाय तुमचा." त्यांनी चहाला आधण ठेवलं. "धा दिस झालं, पोरीचं तोंड बगितलं न्हाई मी."

नृसिंहरावांना स्वतःच्या शहाणपणाची मनापासून लाज वाटली. त्यांनी जानव्याची शपथ घेतली. रतनबाईंनी जानव्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि चहाचा कप पुढे सरकवला. शपथेचा उपयोग शून्य झाला, हे नृसिंहरावांना समजलं.

शेवटी त्यांनी एकच विनवणी केली, की माडीवर येऊन डोळ्यांनी बघा. रतनबाईंच्या सुनेनं, ज्योतीनं, घरी पेटी जोडून निकिताला कॉल लावायचा, असं ठरलं. रतनबाई डोक्यावरचा पदर दातात धरून मोटरसायकलवर मागे बसल्या. वाटेत ज्यांनी ज्यांनी पाहिलं, त्यांना म्हातारीला जबाबाला चालवलंय असंच वाटलं असणार.

माडीवर त्यांना खुर्ची दिली. थोड्या वेळानं निळी रेघ हलली आणि वर चढायला लागली.

"हा तुमच्या घरचा कॉल," नृसिंहराव म्हणाले.

रतनबाई पडद्याच्या अगदी जवळ सरकल्या. पिठाची गिरणी खाली घरघरत होती. त्यांनी कानही लावून पाहिला.

"पोरगी रडतीया का हसतीया?"

नृसिंहरावांनी सवयीनं चष्मा सारखा केला. अंदाज ओठांवर आला होता, तो त्यांनी मोठ्या कष्टानं गिळला.

"ते यात दिसत नाही, मावशी. किती बोलणं गेलं, किती आलं, एवढंच दिसतं."

"खरंच न्हाई दिसत?"

"नाही."

रतनबाई उठल्या आणि त्यांनी पदर खोचला.

"मग मला आदी घरी सोडा," त्या म्हणाल्या. "ज्योतीला ती बरी हाय म्हनूनच सांगंल. मला बगितल्याबिगर रडायची न्हाई ती."