ताईची अंडी आणि पासष्ट पौंड हवा

त्याचं खरं नाव आता घरच्यांनाही आठवावं लागतं. गल्लीत सगळे त्याला टायरशेठ म्हणतात, आणि यात आपली टिंगल आहे हे कळण्याइतकी अक्कल नसल्यामुळे हाक आली की तो छाती पुढे काढून वळतो. धंदा पिकअपवर सामान ने-आण करण्याचा. गाद्या, पाण्याच्या टाक्या, कुणाचं बिऱ्हाड, आणि दर आठवड्याला थोरल्या बहिणीची अंडी. ताई घरामागच्या खोलीत मशीनवर अंडी उबवते आणि पिल्लं विकते. मेव्हणे गेल्यापासून तिचं घर त्या मशीनवरच चाललेलं. उबवणीची अंडी लांबच्या फार्मवरून आणावी लागतात, ती आणायचं काम धाकट्या भावाचं.

गाडी बरी चालली होती. पण बरं चाललेलं या माणसाला कधी बघवलं नाही. चौकात कुणाची तरी उंच टायरांची गाडी उभी दिसली आणि याची झोप उडाली. मूळचे टायर काढून दोन मापं मोठे बसवले. गाडी अशी दिसायला लागली की बायकोला वर चढायला स्टूल लागायचं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. पण हौसेला मोल नसतं, आणि याच्या हौसेला लगामही नव्हता.

टायर बसवताना टायरवाल्याने विचारलं, "हवा किती ठेवू?"

"किती म्हणजे? टायरवर लिहिलंय की. पासष्ट."

"शेठ, ती शेवटची मर्यादा आहे. त्याच्या वर जाऊ नका एवढंच त्यांचं म्हणणं. तिथपर्यंत जाच असं नाही. गाडीच्या दारावर कंपनीची पट्टी असते, तिच्यात पस्तीस आहे, पण तेही जुन्या टायरांचं. हे मोठे आहेत, यांच्या पोटात हवा जास्त मावते, म्हणजे तेवढंच वजन कमी दाबावर पेलतं. गाडी रिकामी असते तुमची बऱ्याचदा. तिशीपासून सुरू करा, ओझं असेल तसं वाढवा."

"कंपनी शहाणी की तू?"

टायरवाल्याने एक शेवटचा प्रयत्न केला. पासष्ट भरली, टायरवर आडवी खडूची जाड रेघ ओढली आणि गाडी चौकापर्यंत नेऊन आणायला सांगितली. परत आल्यावर रेघ फक्त मधोमध पुसली गेली होती, दोन्ही कडांना जशीच्या तशी. म्हणजे टायर फुगून मधल्या पट्ट्यावरच चालत होता. हे लहान मुलालाही दिसलं असतं. टायरशेठ वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "खडू वाईट आहे तुझा." नाचता येईना अंगण वाकडं. टायरवाल्यानेही मग हात झटकले. चूक ठाऊक असून त्याने पासष्ट तशीच राहू दिली, कारण वाद घालायचा तर दुसरं गिऱ्हाईक खोळंबलं असतं. त्याचंही फार कौतुक करण्यासारखं काही नाही.

आता गाडी दगडासारखी कडक झाली. रस्त्यावरची बारीक खडीसुद्धा पाठीच्या मणक्यात मोजता यायची. टायरशेठ मात्र खूश. टायर कसे टणटणीत, लाथ मारली की नगाऱ्यासारखे वाजायचे.

आणि ताईची पिल्लं कमी निघायला लागली. पूर्वी ट्रेमधली दोन-चार अंडी वाया जायची, आता निम्मी जायची. ताईने भावाला भीतभीतच विचारलं, "गाडीत फार धक्के बसत नाहीत ना रे?"

"धक्के? एक तरी अंडं फुटलंय का आजवर?"

खरंच फुटलेलं नव्हतं. ट्रे तो नीट दोरीने आवळायचा. ताई गप्प बसली. पण हा गप्प बसेल तर शप्पथ. पिल्लं न्यायला आलेल्या लोकांसमोर तो सांगत सुटला, "मशीन जुनं झालंय. ताईलाही आता दिसत नाही नीट. अंडी फिरवायची विसरते." उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि ताईला ते खरं वाटलं. सख्खा भाऊ बोलतोय म्हटल्यावर वाटणारच. ती चष्मा बदलून आली, थर्मामीटर बदललं, मशीनसमोर तासन्‌तास स्टूल टाकून बसायला लागली. गिऱ्हाईकं हळूहळू दुसरीकडे वळली. जी बाई आयुष्यात कुणापुढे वाकली नव्हती ती आता गिऱ्हाइकाची माफी मागायची, आणि हा शेजारी उभा राहून मान डोलवायचा. कान धरून बाहेर काढावा असा प्रकार.

एकदा ताईने गाडीतून उतरलेली अंडी लगेच दिव्यावर धरली. अंड्याच्या बोथट टोकाला हवेची एक पोकळी असते, ती जागच्या जागी असायला हवी. इथे अंडं कलतं केलं की पोकळी आत इकडून तिकडे सरकत होती. कवच शाबूत आणि आतलं सगळं हादरलेलं. तिने भावाला बोलावून दाखवलं.

"हे मशीनने होत नाही रे. तुझे टायर दगडासारखे लागतात हाताला, त्यांतली हवा थोडी कमी करून बघ ना. एवढ्या एका खेपेपुरती."

"करतो की," टायरशेठ म्हणाला.

पुढची खेप आली. "केलीस ना कमी?" ताईने विचारलं. "केली की," तो म्हणाला आणि ट्रे उतरवायला लागला. चोराच्या मनात चांदणं, म्हणून नजर ट्रेवरच. हवा पौंडभरही कमी केली नव्हती.

ताईने त्या शब्दावर विसंबून, यावेळी दिव्यावर न धरताच, अंडी मशीनमध्ये लावली. पुन्हा निम्मी वाया गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. भावाला म्हणाली, "म्हणजे तुझी गाडी नव्हतीच रे. माझंच चुकतंय. उगाच तुझ्यावर घेतलं मी. मशीन विकून टाकते."

तेव्हा तरी या माणसाने तोंड उघडावं की नाही? नाही उघडलं. "बघ बाई, तुझी मर्जी," म्हणाला आणि घरी जाऊन टायर धुतले.

मशीन विकायच्या आधी ताईने एक शेवटची खेप लावायची ठरवली, कारण फार्मवाल्याला शब्द दिला होता. टायरशेठ नेमका कुणाचं बिऱ्हाड हलवायला गेलेला. मग ताई स्वतः बसने गेली, अंड्यांचे ट्रे मांडीवर आणि पायाशी घेऊन, वाटेत प्रत्येक खड्ड्याला ते हातांनी उचलून धरत आली.

पिल्लं निघाली त्या दिवशी टायरशेठ आला तेव्हा खोलीत नुसता चिवचिवाट. ट्रे भरून पिवळे गोळे एकमेकांवर चढत होते. मूर्ख माणूस, दारातूनच ओरडला, "बघ, सुधारलं की मशीन!"

ताईने मागे वळून पाहिलं. "अंडी मी बसने आणली." मग थांबून म्हणाली, "हवा कमी केलीच नव्हतीस ना तू?"

त्याने जिभेवर आलेलं एक उत्तर गिळलं, दुसरं गिळलं. शेवटी जे बाहेर पडलं ते इतकं खुजं होतं की त्याची त्यालाच लाज वाटली. "कमी केली की टायर बसल्यासारखा दिसतो गं. लोक हसतात."

"मी मशीन विकायला निघाले होते," ताई म्हणाली. आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिने हातातलं पिल्लू खाली ठेवलं आणि म्हणाली, "अंडी यापुढे मीच आणेन. तुला गाडी चालवायचीच असेल तर परसात कोंबडखताच्या गोण्या पडल्यात, त्या नेऊन टाक."

त्याने मुकाट्याने गोण्या भरल्या. पार वरपर्यंत. एवढ्या ओझ्याखाली ते फुगलेले टायर पहिल्यांदाच जमिनीला सपाट टेकले. एवढी हवा याच मालासाठी होती म्हणायची. गाडी सुरू करून, इतक्या वर्षांची सवय म्हणून, त्याने खिडकीतून विचारलं, "ताई, सावकाश नेऊ ना?"

ताई पिल्लांना पाणी ठेवत होती. तिने वर पाहिलं नाही.

"कशीही ने," ती म्हणाली. "खताला काही होत नाही."