ऐनवेळचा विषय

आग्नेस टीचर गेल्याचं मला कळलं ते आमच्या सोसायटीच्या सभेत, आणि तेही सगळ्यात शेवटी. पाण्याचा पंप झाला, जिन्यातल्या सायकली झाल्या, गळतीवरून वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडांनी एकमेकांची खानदानं काढून झाली. मग नोटिशीतली ती नेहमीची शेपटाची ओळ आली : 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.' नवा सेक्रेटरी कागद गोळा करता करता म्हणाला, "हो, एक राहिलंच. पापडीच्या त्या क्लास घेणाऱ्या टीचर परवा वारल्या. फार मृदुभाषी बाई होत्या. दोन मिनिटं उभे राहू या." खुर्च्या करकरल्या. मीही उभा राहिलो, पण दुःखाने नव्हे, संतापाने. मृदुभाषी? भर वर्गात मला गाढव म्हणणारी बाई मृदुभाषी? आणि ज्या एका ओळीचा तिने मनापासून तिरस्कार केला, नेमकी त्याच ओळीखाली तिला उरकून टाकली! दोन मिनिटंसुद्धा पुरी झाली नाहीत. चेअरमनसाहेबांच्या घरातून फोडणीचा वास आला आणि सभा आभार मानून विरघळली...

त्याला आता काही आठवडे झाले, पण राग उतरत नाही. म्हणून लिहितो. मला लिहिता येतं असा माझा समज आहे. टीचरचा तसा अजिबात नव्हता.

सत्तरचं दशक संपता संपता वसई-विरारकडे इमारती उगवायला लागल्या आणि आमच्यासारखे चाळीतले लोक ब्लॉकवाले झाले. बिल्डरने किल्ल्यांचा जुडगा आणि एक फाइल हातात दिली आणि तो अंतर्धान पावला. सोसायटी म्हणजे काय, हे कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. पहिल्या सभेत मी चहा सांगायला खाली गेलो. वर आलो तो सेक्रेटरी झालेलो होतो. टाळ्या वाजल्या. मला वाटलं, चहाबद्दल वाजल्या.

टीचर वसईतल्या पापडी गावच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या नात्यातल्या कुणाची तरी वाडी जाऊन तिथे इमारत झाली, त्या सोसायटीत काय घोळ घातला जातो हे त्यांनी पाहिलं आणि ठरवलं की या लोकांना कुणीतरी शिकवलं पाहिजे. रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपला की त्या एका शाळेच्या वर्गात आम्हा सेक्रेटऱ्यांना आणि खजिनदारांना बसवायच्या. बाकं पोरांची. आमची पोटं मोठ्यांची. नोटीस कशी काढायची, गणपूर्ती म्हणजे किती डोकी, रोजकीर्द कशी लिहायची, पावतीशिवाय पैसा का घ्यायचा नाही... फी नाही, काही नाही. पहिल्याच दिवशी मी माझ्या निवडणुकीची हकिकत मोठ्या ऐटीत सांगितली. वर्ग हसला. टीचर हसल्या नाहीत. "तुम्ही नसताना तुम्हाला निवडलं आणि तुम्ही हो म्हणालात? म्हणजे मतदार बिनडोक आणि उमेदवारही."

पुढे मी त्यांना निराश केलं नाही. सोसायटीची किरकोळ शिल्लक मी शर्टाच्या खिशात ठेवत असे. एकदा बायकोने तो शर्ट धुतला. नोटांचा लगदा झाला. मी प्रामाणिकपणे खर्चाच्या बाजूला 'धुलाई' असं लिहून रक्कम टाकली. टीचरनी ते पान वर्गाला दाखवलं. "सोसायटीचा पैसा आणि स्वतःचा पैसा एका खिशात झोपवू नका," त्या म्हणाल्या, "झोपवलेत तर निदान बायकोला सांगा." सभेचं इतिवृत्त मी असं लिहायचो की त्यात कोण खोकलं, कोण घोरलं, कुणी कुणाला 'चल हट' म्हटलं, सगळं असायचं. "हे इतिवृत्त आहे की तमाशाचा वग?" अशी त्यांची मृदू भाषा.

पण त्यांचा खरा दात होता तो नोटिशीतल्या त्या शेवटच्या ओळीवर. "ऐनवेळी आभार मानायचे," त्या खडूने फळ्यावर ठोकत म्हणायच्या, "आणखी काही नाही. माणसाच्या घरादाराबद्दल काही ठरवणार असाल, तर विषय आधी लिहून कळवा. ज्याच्याबद्दल आहे त्याला येऊन ऐकू दे, बोलू दे. पाठीमागून ठरवता ती सभा नव्हे, चुगली."

आणि आमच्या इमारतीत तेच झालं. तळमजल्यावर रेजिनाबाय राहायची, पाचूबंदरची कोळीण. मुलगा बोटीवर नोकरीला, त्याने आईसाठी ब्लॉक घेतलेला. मुलाच्या पैशावर जगायचं तिच्या मनात नव्हतं. ती गच्चीच्या एका कोपऱ्यात बोंबील सुकवायची आणि विकायची. तेवढ्यावर तिचं चालायचं. चेअरमनसाहेब पावसाळ्याच्या बेगमीचे बोंबील तिच्याकडूनच न्यायचे, आणि पैसे 'देऊ की' म्हणायचे. एका सभेत, ती बंदरावर गेलेली असताना, हेच साहेब ऐनवेळच्या विषयात घसा खाकरून म्हणाले, "गच्चीवर दुर्गंधीयुक्त वस्तू ठेवू नयेत, असं ठरवू या." नाव कुणाचंच घेतलं नाही. माना डोलल्या. मी तोंड उघडेपर्यंत सभा संपली होती.

रविवारी वर्गात मी हे धुमसत सांगितलं. नालासोपाऱ्याचा एक खजिनदार होता, कायद्याचा किडा. त्याने माझ्याकडची नोटीस मागून घेतली आणि ओरडलाच, "अहो, यावर तारीख गेल्या महिन्याची आहे!" मी जुन्या नोटिशीवरून नवी उतरवताना तारीखही उतरवून काढली होती. म्हणजे सभाच बेकायदा, ठरावच रद्द! माझ्या आयुष्यात माझी चूक पहिल्यांदा कुणाच्या कामाला आली होती. मी बाकावरून उठून नाचायचाच बाकी होतो.

"आनंद कसला झालाय?" टीचर कडाडल्या. "तिने तुमच्या गाढवपणाच्या आधारावर सुकवायचे बोंबील? आणि उद्या तुम्ही शहाणे झालात की गाशा गुंडाळायचा? नवी नोटीस काढा. विषय स्पष्ट लिहा, बाईचं नाव घालून. आणि तिला स्वतः वाचून दाखवा."

वाचून दाखवली. रेजिनाबाय कंबरेवर हात ठेवून ऐकत होती. "म्हंजे मना हाकलायची सभा," ती म्हणाली, "नि आवतन मनाच?" तरी ती आली. चांगलं लुगडं नेसून, अंबाडा घालून आली. टीचर मागच्या खुर्चीत येऊन बसल्या होत्या, पाहुण्या म्हणून. चेअरमनसाहेबांना विषय वाचताना नाव घ्यावं लागलं, तेव्हा त्यांचा आवाज जरा बसला. मला वाटलं, जिंकलो. रेजिनाबाय उभी राहिली. "पावसात पानी पडताना माजे बोंबील खाता, तवा कोनाला वास नाय येत? वास काय गच्चीवरच येते?" कुणीतरी फिस्सकन हसलं. "विषयाला धरून बोला," चेअरमन म्हणाले. "मी बोंबलाला धरूनच बोलते, साहेब," ती म्हणाली, आणि बसली.

मग हात वर करायला सांगितले. पहिला हात चटकन वर आला नाही. लोक एकमेकांकडे बघत राहिले... मग एक आला, त्याच्या आडोशाने दुसरा आला. तिच्याकडून उधारीवर सुका जवळा नेणाऱ्या बाईचा आला. आम्ही काही जण विरोधात होतो, पण कमी पडलो. ठराव पास. चेअरमनसाहेब मागे वळून हसत म्हणाले, "काय टीचर, सगळं नियमाने झालं ना?"

"झालं," टीचर म्हणाल्या. "नियमानेच झालं. म्हणून आता चुकून झालं असंही तुम्हाला म्हणता येणार नाही."

खाली फाटकापाशी मी त्यांना गाठलं. मी संतापलो होतो, आणि चेअरमनपेक्षाही जास्त त्यांच्यावर. "माझी चूक तशीच राहू दिली असतीत तर ती बाई आज गच्चीवर असती!" आयुष्यात पहिल्यांदाच मी टीचरवर ओरडलो. त्या उलटून काही बोलतील म्हणून मी वाट बघत होतो.  त्या एवढंच म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तिच्या तोंडावर कुणी हात वर करणार नाही... गणित चुकलं."

मी त्यांचा वर्ग सोडला. सेक्रेटरीपणही सोडलं. लोक म्हणाले, बरं झालं. रेजिनाबाय रोज सकाळी पाट्या घेऊन निघायची. मी समजायचो, बंदरावर जात असेल. विचारायची लाज वाटायची. टीचर बाजारात दिसल्या तर मी भाजी निरखायला लागायचो. आता हे लिहिताना माझाच मला राग येतो. ज्यांनी हात वर केले, त्यांच्याशी मी गणपतीत मोदक खात होतो, आणि अबोला धरला होता तो एकट्या टीचरशी!

टीचर गेल्याचं कळलं त्या सभेनंतरच्या रविवारी मी पापडीला गेलो. घर बंद असेल असं वाटलं होतं. माडांच्या मागे अंगण दिसलं आणि मी फाटकातच थांबलो. बांबूच्या आडव्या काठ्या, एकीवर एक, आणि त्यांवर बोंबील. उन्हात चकाकणारे, जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. मधोमध रेजिनाबाय.

"या सेक्रेटरी," ती म्हणाली. "लय उशिरा आले."

ठराव पास झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी टीचर तिच्या दारात आल्या होत्या. "अंगण माझं आहे, इथे हात वर करायला मी एकटीच," असं म्हणाल्या, आणि तिची पाटी स्वतः उचलायला गेल्या. शेजारीपाजारी कुरकुरले. टीचरनी त्यांना काय ऐकवलं ते रेजिनाबायने मला सांगितलं, छापण्यासारखं नाही. तेव्हापासून रोज सकाळी त्या अंगणात वेताच्या खुर्चीत बसायच्या. मांडीवर कुठल्यातरी सोसायटीचा जमाखर्च, हातात काठी. "एक डोला हिशोबावर, एक कावल्यांवर," रेजिनाबाय म्हणाली. "आकडा चुकला तरी काठी आपटायची, कावला आला तरी काठी आपटायची. मना समजायचं नाय, कोनावर रागावली."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुमी बोलत होते कुटं तिच्याशी?"

खुर्ची तिथेच होती. काठी खुर्चीच्या हातांवर आडवी ठेवलेली. मी उभा होतो तेवढ्यात टीचरचा मुंबईचा भाचा घरातून बाहेर आला, नाकाला रुमाल लावून. दुपारी एक बिल्डर जागा बघायला येणार होता. "बाई, हे सगळं त्याच्या आधी काढा हं," तो रेजिनाबायला म्हणाला, तिच्याकडे न बघता. मग माझ्याकडे वळला. "आपण कोण?"

 रेजिनाबाय पाणी आणायला आत गेली होती, आणि कौलावर कावळे जमायला लागले होते. आमच्यात माणूस गेलं की कावळा शिवावा म्हणून ताटकळत बसतात, हात जोडून विनवण्या करतात. मी टीचरच्या खुर्चीत बसलो, काठी उचलली आणि पहिला खाली उतरला त्याच्या अंगावर जीव खाऊन आपटली.

भाचा दचकून मागे सरला. "तुम्ही इथे किती वेळ बसणार आहात?" त्याने विचारलं.

दुसरा कावळा उतरत होता. मी तिकडे बघितलं.