नांद्रुकाचे फेरे

गोखिवऱ्याला आमच्या सोसायटीच्या गेटाबाहेर नांद्रुकाचं झाड आहे. वडाच्याच जातकुळीतलं, पण वड नव्हे. लोंबत्या पारंब्या दिसल्या की आमच्या बायकांना तेवढं पुरे! दर वटपौर्णिमेला मी खेकसायची, "अगं बायांनो, पान तरी बघा! वडाचं पान तळहाताएवढं, जाड. हे बोटभर, गुळगुळीत. वडाचं फळ लालभडक, बिनदेठाचं, जोडीनं लागतं. हे बघा, वाटाण्याएवढं!" शेजारच्या वहिनी म्हणायच्या, "असू दे हो, भाव महत्त्वाचा," आणि सूत गुंडाळत पुढे जायच्या. माझं माहेर चांदीपचं, झाडांतच वाढलेली मी. असा संताप यायचा! स्वतः मात्र मी कधी उपास धरला नाही.

मग ह्यांच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं, पाय सुजले, डॉक्टर नजर चुकवून बोलायला लागले. बुडत्याला काडीचा आधार. जन्मभर फेऱ्यांना हसलेली मी, म्हटलं, घालायचे तर खऱ्या वडालाच. गेल्या वटपौर्णिमेला ह्यांना रिक्षात बसवून चांदीपला नेलं. तिथं बांधावर वड आहे. पान खुडून चीक पाहिला, लाल फळांची जोडी पाहिली, करड्या सालीवरून हात फिरवला. मला चूक नको होती.

हे रिक्षातूनच म्हणाले, "झाली परीक्षा? पास झाला का वड?"

"गप्प बसा हो," म्हटलं आणि सात फेरे घातले. सात जन्मांचं काही मागितलं नाही. ह्याच जन्मात हा माणूस राहू दे, एवढंच.

आषाढ सरायच्या आत हे गेले.

संध्याकाळी खिडकीतून दिसायचं, नांद्रुकाला फेरे घालणाऱ्यांचे नवरे भाजीच्या पिशव्या घेऊन धडधाकट घरी येतायत. मी खिडकी धाडकन लावून घ्यायची. कुणाचं तोंड बघवत नव्हतं मला.

तेराव्यानंतर शेजारच्या वहिनी डबा घेऊन आल्या. डबा ओट्यावर ठेवून माझ्याजवळ बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही रागवाल म्हणून बोलले नव्हते. यंदा आम्ही सगळ्याजणींनी भाऊजींच्या नावानं एकेक फेरा जास्त घातला होता."

ह्यांना नेलं तेव्हाही मी रडले नव्हते. वहिनींच्या मांडीत तोंड खुपसलं आणि हंबरडा फोडला.