वाटी, पेला आणि अडकलेली चाचणी

चुलत बहिणीच्या लग्नासाठी चार दिवसांची रजा काढून मी गावी आले आणि अडकले. कुणी कोंडून ठेवलं नव्हतं. दार दिवसभर उघडं असायचं, दारात बैलगाडी उभी असायची, आणि नंदुरबार स्टेशन त्या गाडीनं सकाळभराच्या वाटेवर होतं. तरी निघता येत नव्हतं. नाही म्हणणारा कुणी असता तर मी त्याच्याशी भांडले असते. भांडायला मला आवडतं. पण नाही कुणी म्हणतच नव्हतं.

साठचं दशक संपत आलं होतं. मी मुंबईत एका संशोधन संस्थेत संगणकावर काम करायचे. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, गावात सांगत की पोरगी हिशोबाच्या यंत्रावर आहे. त्यामुळे अर्ध्या गावाची समजूत होती की मी कुठल्यातरी शेटजीच्या पेढीवर बसते.

खरं काम वेगळं होतं. त्या एका यंत्रावर अनेकांची कामं चालत, आणि कुणाला केव्हा काय द्यायचं हे पाहणारा एक मूळ प्रोग्रॅम आम्ही काहीजण मिळून लिहीत होतो. त्याला आम्ही सुपरवायझर म्हणायचो. टेप कुणाला द्यायची, प्रिंटर कुणाला, कोण थांबणार, हे सगळं तो ठरवणार. त्याचा एकेक भाग तपासायला एकेक छोटी चाचणी असे. भाग सुटा काढायचा, त्याला ठरलेला प्रश्न घालायचा आणि उत्तर ठरल्याप्रमाणे येतं का ते बघायचं. या चाचण्या लिहिणं आणि चालवणं माझ्याकडे होतं.

प्रत्येक भाग आपापल्या चाचणीत पास होत होता. शेवटच्या चाचणीत मात्र दोन लुटुपुटूची कामं एकाच वेळी चालवायची होती, आणि तिथे घोडं अडत होतं. तेही दर वेळी नाही. कधी चाचणी सुखरूप पार पडायची, कधी यंत्र मध्येच गप्प व्हायचं. दिवे लागलेले, पंखे फिरताहेत आणि छापून काही येत नाही. चूक असती तर ती छापून आली असती, कुठल्या ओळीत आहे ते कळलं असतं. हे आपलं तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं. मी टेपचा भाग पुन्हा लिहिला, प्रिंटरचा पुन्हा लिहिला. यंत्राची देखभाल करणारे गृहस्थ म्हणाले, उकाड्यानं होत असेल. मुंबईत सगळं उकाड्यानंच होतं.

आमच्या साहेबांनी मला सरळ सांगितलं होतं की यंत्रावरची पुढची पाळी माझी रजा संपल्यावर आहे, आणि ती शेवटची. त्यातही चाचणी अडकली तर आमचा सुपरवायझर कपाटात जाणार, बाहेरून विकतचा येणार आणि मी परत कार्डं पंच करायच्या टेबलावर जाणार. म्हणून प्रोग्रॅमच्या छापील कागदांची जाडजूड चळत मी लग्नाला बरोबर आणली होती. ट्रंकेत साड्या दोन आणि बाकी कागद.

लग्न झालं, वऱ्हाड गेलं. मी निघायचं म्हटलं तेव्हा कळलं की तापीपलीकडचे पाहुणे मला बघायला येणार आहेत. कधी? ते ठरायचंय. जाऊ का म्हणून विचारायला मी आबांकडे गेले. ते ओट्यावर मिरचीच्या पोत्यांची तोंडं शिवून घेत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुन्ही मायले इचार." मायकडे गेले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मी काय सांगू? आबासले इचार."

इथे आमच्या घराची रीत सांगायला हवी. आबा आणि माय एकमेकांशी सरळ बोलत नसत. आजी-आजोबा होते तेव्हा मोठ्यांसमोर नवरा-बायकोनं बोलायचं नाही ही मर्यादा होती. ते दोघं गेले, मर्यादा तेवढी मागे राहिली. निरोप आम्हा मुलांकरवी जात. "आबासले सांग, जेवण झायं." "मायले सांग, पाव्हना येवाव शेतस." भावंडं आपापल्या संसाराला लागली होती, म्हणून आता निरोप्या मीच. म्हणजे माझ्याच सुटकेचा निरोप मीच इकडून तिकडे नेत होते आणि कोरडीच परत येत होते. आबांना वाटायचं, पोरीच्या लग्नाची गोष्ट, आधी मायनं बोलावं. मायला वाटायचं, घरचा धनी बोलल्याशिवाय आपण कसं बोलावं. दोघं शहाणी, दोघं मर्यादशील, आणि माझं भिजत घोंगडं.

रजा संपली. मी तार करून ती वाढवून घेतली. साहेबांची उलट तार आली की पाळी सोमवारी आहे. त्या दिवसांत मी सगळ्यांवर खेकसत असे. जेवणावर राग, गोठ्यातल्या म्हशीवर राग, न दिसलेल्या पाहुण्यांवर तर फारच. आपण इथेच जुन्या होणार, कागदांना वाळवी लागणार आणि कुणालाही आपण अडवलं असं वाटणारही नाही, हाच विचार डोक्यात फिरत असे.

यंत्र नाही तर नाही, कागदावर चाचणी चालवू, म्हणून एका दुपारी मी माजघरात पसारा मांडला. पितळी वाटी म्हणजे प्रिंटर आणि पेला म्हणजे टेप. एकेका कामाच्या सूचना वाचायच्या आणि त्याप्रमाणे वस्तू उचलायची, ठेवायची. पहिलं काम केलं, बिनबोभाट झालं. दुसरं केलं, तेही झालं. पुन्हा केलं. शंभरदा केलं असतं तरी झालंच असतं, कारण मी एकटी होते आणि एक काम संपवून मगच दुसऱ्याला हात घालत होते.

हे ध्यानात आलं तेव्हा मी मायला हाक मारली. ती हात पुसत आली. मी तिला समोर बसवलं आणि सांगितलं, तू आधी वाटी उचलायची, मग पेला, मग दोन्ही खाली ठेवायचं. मी आधी पेला उचलणार, मग वाटी. उचललेलं काम झाल्याशिवाय सोडायचं नाही. पोरीला मुंबईची हवा बाधली असं तिला वाटलं असणार, पण ती बसली.

पहिल्या खेपेला तिनं चपळाईनं दोन्ही उचलून ठेवून दिलं, मग मी. झालं. दुसऱ्या खेपेला दोघींनी एकदमच हात घातला. तिच्या हातात वाटी, माझ्या हातात पेला. ती माझ्या पेल्याकडे बघतेय, मी तिच्या वाटीकडे.

"सोड ना," मी म्हटलं.

"तू सोड पहिले. तूच सांगं, सोडानं नही."

आम्ही तशाच बसून राहिलो. मग तिला हसू आलं. "मंग आते काय? असंच बसानं?"

यंत्र असंच बसत होतं. कुणाचं काही चुकत नव्हतं. दोन्ही कामं दिलेल्या सूचना इमानानं पाळत होती आणि एकमेकांची वाट बघत होती. वाट बघणं सुपरवायझरच्या लेखी गुन्हा नव्हता, म्हणून छापून काही येत नव्हतं. एक काम जरा आधी सुटलं तर चाचणी पास, दोन्ही एकदम सुटली की संपलं. उपाय दोन ओळींचा होता: दोघांनीही आधी पेलाच मागायचा, मग वाटी. म्हणजे पेला ज्याच्या हाती, वाटीही त्यालाच मिळणार.

मी आनंदानं मायला मिठी मारली. तिनं पेला काढून घेतला आणि पाणी प्यायली.

त्या दोन ओळी पाकिटात घालून मुंबईला पाठवता आल्या असत्या. काम झालं असतं. पण मग तिथे माझी गरज उरली नसती, आणि इथे मी असतेच. यंत्रात मी नियम बदलू शकत होते. आमच्या घरात आधी कोण बोलणार याचा नियम बदलायची माझी काय टाप?

पण निरोप्या मी होते.

संध्याकाळी मी ओट्यावर गेले आणि आबांना म्हटलं, "माय म्हनस, जाऊ द्या तिले. पाव्हनासले उन्हायामा बलाऊत." आबांनी हातातली सुतळी वळून पुरी केली. मग बरं म्हणाले. तशीच आत गेले आणि मायला सांगितलं, आबांनी जा म्हटलंय, पाहुणे उन्हाळ्यात येतील. माय माझ्याकडे बघत राहिली. मग तिनंही बरं म्हटलं आणि दशम्यांसाठी पीठ काढायला गेली. दोघं एकमेकांना विचारणार नाहीत यावर माझा भरवसा होता.

दुसऱ्या दिवशी मिरचीची गाडी नंदुरबारच्या बाजाराला जायचीच होती. पोत्यांवर माझी ट्रंक चढली. माय पोचवायला आली. गाडीवान आमचाच सालदार गडी होता, त्याच्यासमोर ती घरचं काही बोलली नसती. स्टेशनावर तो बैलांना पाणी दाखवायला गेला तेव्हा तिनं दशम्यांचं फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तुन्हा आबा काहीच बोलनात नही. माले मालूम शे."

मला तोंड वर करवेना.

"मन्ही माय आजारी व्हती," ती म्हणाली. "सासू म्हने, सासराले इचार. सासरा म्हने, सासूले इचार. मी वाट देखत बसनू. ती मरी गयी तव्हय गाडी जुपी." तिनं पदर सारखा केला. "आबासनी इचारं तं सांगसू, हा, मीच बोलनू. जाय आते."

सुरतेकडची पॅसेंजर आली. मी चढले, ट्रंक कशी चढवली आठवत नाही. गाडी हलली आणि मी हुंदके देऊन रडायला लागले. समोर बसलेल्या बाईनं माझ्या लाल डोळ्यांकडे पाहून विचारलं, मिरची गेली का डोळ्यात? नंदुरबारला चढणाऱ्या माणसाला हे कुणीही विचारावं.

मी हो म्हटलं.