गठाणीसंगं कातर

युसूफचाचा फोनवर कुणालाही "हॅलो" म्हणत नसत. पलीकडून फोन उचलल्याचा आवाज आला की थेट विचारायचे, "उघडलं का?"

जालन्याच्या छापखान्यातल्या प्रकाशला याची सवय झाली होती. आम्ही टेंभुर्णीहून त्याला लग्नपत्रिकांच्या फायली ई-मेलनं पाठवायचो आणि चाचा लगोलग फोन लावायचे. प्रकाश म्हणायचा, "पोचलं, चाचा." चाचा म्हणायचे, "पोचलं ते पोस्टमनला सांग. उघडलं का?" पत्रिका त्याच्या पडद्यावर दिसेपर्यंत ते फोन ठेवत नसत. एकदा नंबर चुकला आणि फोन भलत्याच घरी लागला. "उघडलं का?" ऐकून एक म्हातारी म्हणाली, "न्हाई बाबा, दार लावेलच हाय. सून अजून निजलीय." चाचांनी आधी तिला सुनेला उठवायला लावलं, मग फोन ठेवला.

चाचांची उमर जालन्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेली होती. मोकळी रुई यंत्रात दाबायची, तिची गठाण करायची आणि वरून लोखंडी पट्ट्या आवळायच्या, हे त्यांचं काम. कारखाना बंद पडल्यावर ते गावी परतले. मी तेव्हा बसस्टँडसमोर त्यांच्याच गाळ्यात कॉम्प्युटर आणि स्कॅनर टाकून बसलो होतो. भाडं मागायला आलेले चाचा संध्याकाळपर्यंत माझे भागीदार झाले होते. "तू टाईप कर, मी बोलतो," अशी त्यांनी कामाची वाटणी केली. ती शेवटपर्यंत टिकली. टायपिंगपेक्षा बोलण्याचं काम कितीतरी जास्त असतं, हे मला नंतर कळलं.

त्या काळात आमचं इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं आणि गावात कुणी जोरात शिंकलं तरी तुटायचं. म्हणून मोठी फाईल पाठवण्याआधी दाबून लहान करावी लागे. "दाबून" हा शब्द ऐकताच चाचांनी खुर्ची पुढं ओढली. आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरनं त्यांच्या ओळखीचं काहीतरी केलं होतं.

दाबायचे दोन प्रोग्राम आमच्याकडे होते. एक विकतचा, पण आम्ही न घेतलेला. तो काही दिवस वापरून बघायला मिळत असे. मुदत संपली की दर वेळी उघडताना पडद्यावर एक डबा यायचा. तुमची मुदत संपली आहे, कृपया आम्हाला विकत घ्या, असं त्यात इंग्रजीत फार अदबीनं लिहिलेलं असायचं. डबा बंद केला की प्रोग्राम काही झालंच नाही असं दाखवत कामाला लागायचा. याचं नाव चाचांनी 'शेठ' ठेवलं. दुसरा कुठल्याशा परदेशी माणसानं फुकट वाटायला बनवलेला. तो 'फुकट्या'.

मला त्या डब्याचा फार त्रास व्हायचा. मी जरा अपराधी स्वभावाचाच आहे. वर्गात कुणाचीही पेन्सिल हरवली तरी माझे कान लाल व्हायचे. परदेशात पैसे पाठवायची सोय आमच्याकडे नव्हती, हे खरं. पण असती तरी मी पाठवले असते का, या विचारानं मी डबा बंद करताना मान खाली घालायचो. ते चाचांच्या नजरेतून सुटलं नाही.

"सुरेश, तू त्या डब्याला सलाम करून राह्यला का?"

"न्हाई चाचा, पण तो रोज मागतो अन् आपण रोज न्हाई म्हणतो."

"अरे, मागणारा असा पाहिजे. न्हाई म्हटलं तरी झाडलोट करून जातो. माझा जावई शिकला पाहिजे याच्याकडून."

चाचा स्वतः फुकट्याच्या पार्टीचे. प्रत्येक फाईल ते मला दोन्हीकडून दाबायला लावायचे आणि आकडे बघून फड रंगवायचे. फुकट्या जवळजवळ दर वेळी जास्त दाबायचा. "बघ! शेठला पोट हाय, त्याला वाकता येत न्हाई." गिऱ्हाईक पत्रिकेचा कागद निवडायला आलेलं असायचं, आणि चाचा त्याला कुणी किती दाबलं ते सांगत बसायचे. मी म्हणायचो, "चाचा, शेठ जल्दी दाबतो, अन् त्याचा माल बऱ्याच ठिकाणी उघडतो." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "रुईच्या प्रेसवर आमचे फोरमन एकच इचारायचे, कितीक दाबलं? उघडणं सूतगिरणीवाल्याचं काम हाय. आपलं न्हाई."

तेव्हा ते असंच बोलायचे. "उघडलं का?" हे नंतरचं.

माझी मुलगी पिंकी ओसरीवरून पडली आणि तिचं कोपर मोडलं. प्लॅस्टर घातलं. काही दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढला, तर हाड वाकडं जुळत होतं. ते सोडवून तारा घालाव्या लागतील, असं जालन्याचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळचं ऑपरेशन ठरवलं. माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचे एक हाडांचे मोठे डॉक्टर पुण्याला होते. ते म्हणाले, फोटो आज पाठवा, मी बघून सांगतो, पण संध्याकाळी मी गावाला निघतोय. पिंकी दुकानातच खुर्चीवर बसून प्लॅस्टरवर पेननं मांजर काढत होती. तिच्या कोपरात सुरी चालवायची की नाही, हे त्या फायलीवर होतं.

एक्स-रे स्कॅन केले. फायली म्हशीएवढ्या झाल्या. तार सारखी तुटत होती. मी शेठ उघडला, मान खाली घालून डबा बंद केला, दाबलं. चाचा म्हणाले, "फुकट्याला दे. लेकराचं काम हाय, बिलकुल बारीक झालं पाहिजे." फुकट्याची गठाण खरंच बरीच लहान झाली. तीच पाठवली. दोनदा तार तुटली. तिसऱ्यांदा फाईल गेली आणि चाचांनी टाळी वाजवली. "बघ, शेठ अजून बसस्टँडवरच असता."

मी पुण्याला फोन केला. डॉक्टर म्हणाले, "पोचली हो, पण उघडत नाही. नुसतं पांढरं पान दिसतंय. हे काय पाठवलंय तुम्ही?"

मी चाचांकडे बघितलं. टाळी वाजवलेले हात त्यांनी खिशात घातले. फुकट्यानं इतकं घट्ट आणि इतक्या नव्या पद्धतीनं बांधलं होतं, की सोडायला तिकडेही फुकट्याच हवा होता. शेठची गठाण पाठवावी का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तोही नाही इथे. दवाखान्यात विकतचं काही पैसे भरल्याशिवाय घालू देत नाहीत."

"शेठलाच पाठवून देऊ का, चाचा?" मी विचारलं. माझे कान तेवढ्यातही लाल झाले.

चाचा उठले. त्यांनी पिंकीच्या प्लॅस्टरवरचं मांजर नीट बघितलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शेठला कशाला? तो त्यांच्या दारात बी पैशेच मागंल. फुकट्याला पाठव. त्याला जायला कुणाची परवानगी लागती? गिरणीवाल्याकडं पट्ट्या कापायची कातर असती म्हणून गठाण चालती. ह्यांच्याकडं कातरच न्हाई. मंग कातर बी आपणच पाठवायची ना, बेवकूफ!"

तो बेवकूफ ते कुणाला म्हणाले, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. आमच्यात दोन होते.

फुकट्या स्वतः अगदी छोटा होता. तो पहिल्याच झटक्यात पुण्याला पोचला. फोन चाचांनी हातात धरून ठेवला होता. "डाक्टरसाब, त्याच्यावर दोनदा टिचका... हां... तो पैशे मागणार न्हाई, घाबरू नका... उघडलं का?... उघडलं का?" मग चाचांनी फोन माझ्या कानाला लावला. डॉक्टर म्हणत होते, "कोण आहेत हो हे? बरं, ऐका. ऑपरेशन नको. वय लहान आहे, वाढताना हाड आपोआप सरळ होईल. प्लॅस्टर मात्र ओलं होऊ देऊ नका. तुमच्या डॉक्टरांशी मी बोलतो."

मी रडलो. चाचांनी पिंकीसाठी समोरच्या हॉटेलातून गरम भजी मागवली आणि अर्धी स्वतः खाल्ली. त्या दिवसापासून आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक फायलीसोबत फुकट्याही जाऊ लागला. "गठाणीसंगं कातर," चाचा बजावायचे. प्रकाशकडे फुकट्या कधीचाच होता, तरी त्याला दर वेळी नवा जायचा. तो वैतागून म्हणायचा, "चाचा, माझ्याकडं आता कातरींचं दुकान झालंय."

पुढं चाचांच्या छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी घरी पडून राहायला सांगितलं. दुसऱ्या सकाळी ते दुकानात हजर. मी रागावलो, तर हसत म्हणाले, "शेठकडून शिकलो. मुदत संपली म्हणतो अन् काम करून राह्यतो. मला बी सकाळी उठल्याबरोबर डबा येतो. बंद करतो अन् इथं येतो." नंतर कुणी तब्येत विचारली की ते एवढंच सांगायचे, "डबा आल्ता. बंद केला." असे त्यांनी कितीतरी डबे बंद केले. मला वाटायला लागलं होतं, की हे असंच चालेल. शेठचं तर चालतच होतं.

एका सकाळी ते आले नाहीत.

दफन झाल्यावर दोन दिवसांनी मी दुकान उघडलं. लग्नसराई होती आणि हसनाबादच्या एका घरची पत्रिका त्याच दिवशी छापायला जायला हवी होती. सवयीनं हात आधी शेठवर गेला. डबा आला. तुमची मुदत संपली आहे. या वेळी मान खाली गेली नाही. मी नुसता बघत राहिलो. मग बंद केला. चाचांनीही तेच केलं असतं, वर एखादी शिवी हासडली असती.

पत्रिका फुकट्यानं दाबली, सोबत कातर पाठवली आणि जालन्याला फोन लावला. प्रकाशला अजून काही कळलेलं नव्हतं. पलीकडून फोन उचलल्याचा आवाज आला. मला हॅलो म्हणायचं होतं, पण घसा बसलेला होता आणि बाहेर भलतंच आलं.

"उघडलं का?"

"उघडलं, चाचा," प्रकाश म्हणाला. "ठेवा आता."

मी ठेवला.