सोनेरी चाकं आन् ज्ञानूची खंडेनवमी

आष्ट्याच्या भाईर, सांगलीकडं तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला ज्ञानू शिरतोड्याचं टायरचं दुकान लागतं. पत्र्याचं शेड, म्होरं लिंबाचं झाड, झाडाला टांगलेला एक टायर, आन् त्याच्यावर पांढऱ्या रंगानं नाव. गडी सतरा वर्षं फौजेत, गाड्यांच्या वर्कशॉपला हुता. बर्फात म्हनू नका, वाळूत म्हनू नका, त्यानं चाकंच बसवली. रिटायर हुन आला तवा बाकीच्यांनी ट्रंका भरून बाटल्या आनल्या. ज्ञानूनं एक टॉर्क पाना आनला.

ह्यो पाना साधा न्हवं. किती जोर लावायचा ते आधी त्याच्यावर लावून ठेवायचं. नट तेवढा आवळला की पाना आपला आपन 'कट्' करतो. बास म्हनतो. आपल्या भागात आपनहून बास म्हननारी एवढी एकच वस्तू हाय. बाकीचे पान्यात पाइप घालतात, पाइपावर उभं राहून नट आवळतात, आन् बोल्ट तुटला की कंपनीला शिव्या देतात. ज्ञानू मातर दुधाच्या टेम्पोचं चाक असू दे न्हाईतर बारशाला निघालेल्या व्हॅनचं, कट् वाजल्याबिगर सोडत न्हाई.

गड्याचे नेम दोन. नवं चाक बसवलं की शंभर किलोमीटरनं परत यायचं आन् नट तपासून घ्यायचे, हा पयला. आन् खंडेनवमीला हत्याराला हात लावायचा न्हाई, हा दुसरा. अष्टमीला सांजच्याला समदी हत्यारं धुवून पुसून घ्यायची, नवमीला पाटावर मांडून हळद-कुंकू लावायचं, झेंडूची फुलं व्हायची. दसऱ्याच्या सकाळपतूर ती देवीची. एका नवमीला कुठल्याशा कारखान्याच्या चेअरमनची गाडी ऐन दारात पंक्चर झाली. ज्ञानूनं चेअरमनला चहा पाजला आन् एस्टीत बसवून दिला. आष्ट्यात हे अजून सांगत्यात.

आता वीरधवल. त्याच्या घरी ऊस लय. ऊस आपला आपन वाढतो, त्यामुळं वीरधवलला दिसभर मोकळा वेळ. चौकातल्या बॅनरवर त्याच्या फोटोखाली नुसतं 'भावी' लिवलंय. कशाचा भावी ते ठरायचं हाय, म्हनून म्होरली जागा रिकामी सोडलीय. लग्नाला चार म्हयनं झाले तवा त्यानं मुंबईवरनं एक लाल स्पोर्ट्स कार आनली. वापरलेली, पन डौल असा की गावची म्हस दूध द्यायचं इसरंल. गाडी इतकी बुटकी की गल्लीतलं कुत्रं तिच्यात वरनं वाकून बघायचं. शून्यावरनं शंभरावर चार सेकंदात जाती म्हनं. आष्ट्यात दोन स्पीडब्रेकरच्या मधी चार सेकंद घावत न्हाईत, ती गोष्ट वेगळी.

गाडीची मूळची चाकं काळी, एकोनीस इंची. वीरधवलचं म्हननं पडलं, काळ्या चाकाचा फोटू येत न्हाई. मग त्यानं मोबाइलवरनं एकवीस इंची सोनेरी मॅगव्हील मागवली, वर कागदासारखी पातळ टायरं. अष्टमीला दुपारी ती पिकअपमधनं ज्ञानूच्या दारात उतरली. संगं वीरधवल, आन् त्याचा उजवा हात अर्जुना. अर्जुनाचं काम एकच, वीरधवल काय बोलला की व्हय म्हनायचं.

"काका, बसवा लगेच," वीरधवल म्हनला. "उद्या औंधला यमाईला जायचंय जोडीनं. आन् सांजच्याला सांगलीत दांडियाला प्रमुख पाहुना हाय."

ज्ञानूनं एक चाक उचलून हबवर, म्हंजे चाक बसतं त्या मधल्या गोल बुडख्यावर टेकवलं, हलवून बघितलं, खाली ठेवलं.

"पाच होलं जमत्यात. पन मधलं होल मोठं हाय. चाक हबवर बसत न्हाई, लोंबतंय. मधी रिंग पायजे. आन् नटबी ह्येचे न्हवंत. तुझ्या नटाचं बूड गोल हाय, ह्या चाकाला निमुळतं लागतं."

"नट नटच असतो की काका," अर्जुना म्हनला.

"पाय बी पायच असतो. घाल बायकोची चप्पल आन् ये औंधला चालत."

रिंगा आन् नट खोक्यातच हुते. अर्जुनानं थर्माकोलसंगं टाकून द्यायला काढले हुते. ज्ञानूनं ते हुडकून काढले, रिंगा बसवल्या, चाकं बॅलन्स केली, एकेक नट आडवातिडवा फिरवत आवळला. वीस नटांचे वीस कट् वाजले. मग त्यानं सीटवर बसून स्टिअरिंग पुरं वळवलं, आन् म्होरल्या चाकातनं खर्रर्र आवाज आला. टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासत हुतं.

"ह्ये चालायचं न्हाई. टायर एक साइज बारीक घे. न्हाईतर जुनी चाकं काय वाईट हायत?"

"पुरं वळवनारच न्हाई की मग."

"रस्ता तुझ्या इचारानं जातोय व्हय?"

"काका, आता नका पाय ओढू. इंजिन चालू करून बघा तरी एकदा."

हितं ज्ञानूनं न्हाई म्हनायला पायजे हुतं. त्येला कळत हुतं. पन सतरा वर्षं ट्रक आन् जिपा बघितलेल्या मानसाच्या हाताखाली असली गाडी पयल्यांदा आली हुती. त्यानं बटन दाबलं, गाडी घुरघुरली, आन् छातीच्या फासळ्या आतनं हलल्या. ज्ञानूचं तोंड बारक्या पोरासारखं झालं. खाली उतरला तवा त्येचा आवाज नरम पडला हुता.

"सावकाश चालव. पुरं वळवू नगं. आन् शंभर किलोमीटर झालं की पयलं हितं यायचं. नट तपासल्याबिगर कुटं जायाचं न्हाई. तुला यमाईची आन हाय."

"तुमचा शबूद म्हंजे शबूद, काका."

आता वीरधवलनं जन्मात कुनाचं ऐकलं न्हवतं. मास्तरचं न्हाई, बापाचं न्हाई, रस्त्यावरच्या पोलिसाचं न्हाई. ज्ञानूला वाटलं, हा काय येत न्हाई. सांजच्याला त्यानं हत्यारं धुतली, पाना मऊ फडक्यानं पुसला आन् बायकोच्या, अनसूयाच्या हाती दिला.

नवमीला दुपारी तीन वाजता लाल गाडी दारात हजर, मागं पिकअप घेऊन अर्जुना.

पाटावर पूजा मांडलेली. मधी टॉर्क पाना, त्येच्यावर हळद-कुंकू, भोवती बाकीचे पाने, जॅक, हातोडी, झेंडूची माळ. अनसूया उदबत्ती लावत हुती. वीरधवल गाडीतनं उतरला, म्हंजे आधी एक पाय, मग दुसरा, मग अर्जुनानं हात धरून वरती वढला.

"आलो बघा काका. एकशे बावन्न झालं. तुमी सांगितलं शंभर, पन त्यासाठी पन्नासला माघारी वळायला पायजे हुतं, आन् देवी तर म्होरं हुती. आवळा नट."

ज्ञानूनं पाटाकडं बघितलं. "आज कंचा वार हाय?"

"वार कशाला, नवमी हाय."

"मग नवमीला हत्यार उचलत न्हाईत, हे तुला ठावं न्हाई?"

"आवं, तुमीच आन घातलीसा. यमाईची."

समोरचा वेल्डिंगवाला तात्याबा त्येच्या बंद शटरम्होरं खुर्ची टाकून बसला हुता. त्येला दसऱ्याआधीच सोनं घावल्यागत झालं. "व्हय ज्ञानू," तिथनंच म्हनला, "आन तर तूच घातलीस. आता एक नेम मोड, न्हाईतर दुसरा. बघू तरी कंचा तुटतोय."

"तू गप तात्या. तुझा पाना आन."

"माजा पाटावर हाय. समद्या गावचे पाटावर हायत. आज आष्ट्यात मोकळा पाना घावनार न्हाई."

ज्ञानू वीरधवलला म्हनला, "गाडी हितंच राहू दे. उद्या सकाळी बघतो. तुमी दोघं एस्टीनं जावा."

वीरधवलचं तोंड असं झालं की जनू कुनी त्येला ऊस तोडायला सांगितलंय. "प्रमुख पाहुना एस्टीनं? मग चाकं कुनाला दाखवू, कंडक्टरला? न्हाई जमत. तुमी हात लावत न्हाई तर मी असाच जातो. कालच आवळलेत की. अर्जुना, चल."

"व्हय," अर्जुना म्हनला.

ज्ञानूनं मागच्या डाव्या चाकापाशी बसून नुसत्या बोटांनी एक नट धरला. नट हलला. बोटानं हलला. मग त्यो आडवा झाला आन् मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात म्होरलं चाक आतनं बघितलं. यमाईचा डोंगर काय सरळ रस्त्यानं चढता येत न्हाई. वळनं घेताना वीरधवलनं स्टिअरिंग पुरं वळवलं हुतं. आतलं प्लास्टिक फाटलं हुतं. त्येच्यामागची लोखंडी पट्टी उघडी पडून तिनं टायरला आतल्या अंगानं चरा पाडला हुता. चऱ्यात टायरच्या आतलं दोरं दिसत हुतं.

ज्ञानू उठला. ह्या टायरवर गाडी औंधवरनं आली हुती, तीबी वीरधवलच्या हातात.

गाडीत अजून एक मानूस हुतं, वीरधवलची बायको अपेक्षा. गुडघं हनुवटीला लावून बसली हुती, कारन त्या गाडीत तसंच बसावं लागतं. तिनं काच खाली घेतली.

"काय झालं काका?"

"पोरी, उतर खाली."

"आवं, तिला कशाला भ्या दाखवताय," वीरधवल म्हनला. "साईडनं नुसतं खरचटलंय."

अपेक्षा उतरली. वाकून तिनं सोता दोरं बघितलं, बोट लावलं. मग नवऱ्याला म्हनली, "तुमी जावा. म्या एस्टीनं येते. न्हाई पोचलासा तर हार कुनाला घालायचा, तेवढं सांगून जावा."

तात्याबा खुर्चीतनं उठला आन् परत बसला. वीरधवल अर्जुनाकडं बघायला लागला. अर्जुनाला व्हय म्हनावं का न्हाई, पयल्यांदाच कळंना.

ज्ञानू पाटाम्होरं उभा हुता. हात लांब करायचा आन् माघारी घ्यायचा. शेवटी त्यानं अनसूयाकडं बघितलं.

"मला काय बघताय," ती म्हनली. "पूजा परत मांडू. पाटीभर झेंडू हाय अजून."

ज्ञानूनं पाटाला डोकं टेकवलं, हळद-कुंकवासकट पाना उचलला, आन् शेडच्या कोपऱ्यातनं, अष्टमीला उतरवून गोनपाटाखाली ठेवलेली जुनी काळी चाकं भाईर काढली.

"काका, सोनेरीचेच नट आवळा की," वीरधवल म्हनला. आवाजात पहिल्यासारखा जोर न्हवता.

"नवमी मोडायचीच हाय तर पुरी मोडतो. सोनेरी चाकावर ही गाडी ह्या दारातनं जात न्हाई. तुज्या बापाला फोन लाव, आमदाराला लाव, कुनालाबी लाव."

वीरधवलनं कुनालाच लावला न्हाई. ज्ञानूनं जॅक लावला, चाकं उतरवली, काळी चढवली, त्यांचे मूळचे गोल बुडाचे नट घातले. भर नवमीला आष्ट्याच्या रस्त्यावर वीस कट् वाजले आन् येनारं-जानारं थांबून बघत राहिलं. अर्जुना मोबाइल काढून रील करायला लागला. अपेक्षानं त्येच्या हातातनं मोबाइल घेतला, पर्समधी टाकला आन् गाडीत बसली. अर्जुना मागच्या पिकअपमधनं गेला.

सांगलीत गाडी पोचली. लोकांनी गराडा घातला, पोरांनी बॉनेटवर टेकून फोटू काढले, प्रमुख पाहुन्याला हार पडला. दोन तास गाडी मंडपाच्या तोंडाशी हुती. चाकं कसली हायत, हे एका मानसानं इचारलं न्हाई. खाली वाकून बघनारा एकच निघाला. त्येची चप्पल गाडीखाली गेली हुती.

दसऱ्याच्या सकाळी तात्याबा आपट्याची पानं घेऊन दारात आला. पानं हातात दिली आन् हळूच इचारलं, "ज्ञानू, नवमी मोडलीस. देवी कोपंल का रं?"

"कोपली तर नवमीसाठी न्हाई कोपायची," ज्ञानू म्हनला. "अष्टमीला गाडी घुरघुरली आन् म्या न्हाई म्हनायचं इसरलो. त्येच्यासाठी कोपंल. आन् तिचं बरूबर आसंल."

त्यानं पानं खिशात ठेवली आन् दारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला जॅक लावला.