आम्ही स्वच्छ केलेला काठ

यवतमाळहून दिग्रसची एसटी सुटली तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं: धरण भरल्यावर आपण साफ केलेला काठ कसा दिसतो ते पाहायचं. हिवाळ्यात आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींनी दिग्रसजवळच्या एका धरणाच्या पूर्वेच्या काठावरची बेशरम (पाणथळ जागी तणासारखं माजणारं, जांभळट फुलांचं झुडूप) मुळासकट उपटली होती. दोन रविवार घाम गाळला, फोटो काढले. दांडगा अभिमान होता मला, खोटं कशाला बोलू!

दिग्रसला कापसाच्या जिनिंगजवळच्या टपरीवर आलुबोंडा खाऊन ऑटोने धरणाकडचं गाव गाठलं. पुढे पायवाटेच्या चिखलात चपलेचा अंगठा तुटला. लंगडत काठावर आलो आणि थबकलोच.

धरण तुडुंब होतं. पश्चिमेकडून वारा सुटला होता आणि अख्खं पाणी या बाजूला चढत होतं. जिथे उभं राहून आम्ही फोटो काढला, ती जागाच उरली नव्हती. दर लाटेला काठाचा एक लचका धपकन पाण्यात पडायचा.

तिथे एकच घर होतं, शेवंताबाईंचं. मासे धरून पोट भरणारी साठीची बाई. पाणी तिच्या मागच्या भिंतीपासून सहा पावलांवर आलं होतं. हिवाळ्यात हिनेच आम्हाला गोड चहा दिला होता. मी तिला ओळखलं. तिने मला ओळखलं नसावं, या आशेवर गप्प राहिलो.

"या जी भाऊ, बसा. चप्पल तुटली वाट्टे?" जाळं बाजूला ठेवून तिने तारेचा तुकडा दिला, मग बिनसाखरेचा काळा चहा.

"दरवर्षी इतकं पाणी येतं?" मी विचारलं.

"भरते दरसाल. पन वारा सुटला का समोरचं पानी इकडंच लोटते. औंदा दोनदा अंगनात शिरलं. पह्यले बेशरम होती, लाट तिथंच मोडे. माह्या सासऱ्यानं लावलती, धरण झालं तवा. मंग शहरातले लोकं आलते, उपटून गेले."

"मग तुम्ही अडवलं का नाही?"

"हातात मोजे, डोक्यावर टोप्या. मले वाटलं, सरकारी लोकं हायेत, इचार करूनच करून राह्यले असन. म्या त्यायले चहा पाजला."

मी कप खाली ठेवला. "शेवंताबाई, त्यात मीही होतो."

"मले मालूम हाय. बिनसाखरेचा चहा काय असाच देल्ला का?"

मला रडू आलं. इतक्या वयाचा माणूस मी, पण आवरलं नाही.

"रडून काय होते जी? वरच्या नाल्यात बेशरम हाय. चला, कांड्या तोडू."

दुपारभर आम्ही कांड्या तोडल्या आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून काठालगत रोवल्या. हात चिकाने चिकट झाले. लाट चार उपटायची, बाई पुन्हा चार खोचायची. मधे एकदा थांबून तिने घराकडे पाहिलं. "एवढा पानकळा (पावसाळा) निंगाला पायजे," म्हणाली. तिचा फोन नंबर घेऊन संध्याकाळच्या एसटीने मी परतलो.

यवतमाळात पिंपळाची पानं हलली तरी जीव धास्तावायचा. मी तिला फोन करायचो. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "कांड्या लागल्या, भाऊ. पालवी फुटली."

"आणि घर?"

"घर परवा गेलं. मी महागावले लेकीकडं हावो. इकडं आले त या, चहा घ्याले."

एक शिवी दिली असती तरी मला हलकं वाटलं असतं. काठावर कुणी राहतं, त्याला एका शब्दाने विचारावं, एवढंही आम्हाला सुचलं नव्हतं.

तो फोटो अजून माझ्या भिंतीवर आहे. आम्ही सगळे हसतो आहोत, मागे मोकळा, स्वच्छ काठ आहे आणि त्याच्यावर शेवंताबाईंचं घर उभं आहे.